अंगाला लागलं, की अंगावर आलं?

मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने गोळ्या सोडल्या की तिच्याबद्दल दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, 'तिला आपण आजारी आहोत हेच पटत नाही.' दुसरे, 'घरच्यांचं लक्ष नाही.' सातारा आणि सांगली जिल्ह्यांत समाजकार्यकर्ती म्हणून फिरताना ही वाक्ये मी दवाखान्यात ऐकली, ग्रामपंचायतीत ऐकली आणि आपल्या संघटनांच्या बैठकांतही ऐकली. तिसरे वाक्य त्या बाईचे स्वतःचे असते. ते कोणी विचारत नाही म्हणून ती बोलत नाही. विचारलेच तर म्हणते, "ताई, गोळी घेतली की भूक आवरत न्हाय. सहा महिन्यांत बारा किलो वाढलं. एक ब्लाऊज अंगात शिरत न्हाय. सकाळी डोळं उघडत न्हाईत, आणि सासू म्हणती, खाऊन खाऊन झोपतीया."

या तिसऱ्या वाक्याबद्दल मला लिहायचे आहे. माझे म्हणणे असे की, बाईचे जेवण, झोप आणि वजन या तीन गोष्टींचा विचार न करता तिला 'गोळी चुकवू नकोस' असे सांगत राहणे म्हणजे तिच्यावर आणखी एक सक्ती लादणे आहे. आणि या तीन गोष्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीत जितक्या आहेत, त्याहून जास्त घराच्या कामवाटपात आहेत. म्हणून हा विषय दवाखान्याचा तसा आपलाही आहे.

आधी गोळ्यांविषयी थोडे. मनोविकृतीवरचे पहिले प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली फ्रान्समध्ये वापरात आले. त्यानंतर हॅलोपेरिडॉल आले. या जुन्या औषधांनी हातपाय ताठ होत, जीभ जड होई, कंप येई. नव्वदच्या दशकात रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन आले. ताठरपणा बराच कमी झाला, आणि त्याच्या जागी वजन आले. १९९९ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. दहा आठवड्यांत सरासरी वजनवाढ क्लोझापिनने सुमारे साडेचार किलो, ओलान्झापिनने चार किलोच्या थोडी वर, रिस्पेरिडोनने दोन किलो आणि जुन्या हॅलोपेरिडॉलने एक किलो. ही सरासरी आहे. पहिल्यांदाच औषध सुरू झालेल्या तरुण मुलींमध्ये वाढ याहून बरीच जास्त होते, आणि ती दहा आठवड्यांवर थांबत नाही.

हे होते कसे? यांपैकी काही औषधे मेंदूतल्या हिस्टामिन आणि सिरोटोनिनच्या ठरावीक ग्राहींना अडवतात. त्यामुळे गुंगी येते आणि 'पोट भरले' हा निरोपच नीट पोहोचत नाही. बाई हावरट झालेली नसते, तिची भूक खरी असते. शिवाय साखर आणि चरबी यांचा शरीरातला हिशेबही बिघडतो, म्हणून काही जणींना मधुमेह लागतो. पंचविशीतल्या मुलीला मधुमेह झाला की घरचे कपाळावर हात मारून म्हणतात, 'हिच्या नशिबाला अजून काय काय आहे!' यात नशिबाचा भाग थोडा आणि न तपासण्याचा भाग मोठा.

गंमत अशी की पहिले दोन महिने या वाढीचे घरात कौतुक होते. आजारपणात खंगलेली मुलगी गालावर भरते. आई म्हणते, 'औषध मानवलं, अंगाला लागलं.' आपल्याकडे बाईच्या अंगावरच्या मांसाचा अर्थ नेहमी दुसराच कोणी लावतो. लग्नाआधी बारीक हवी, बाळंतपणानंतर भरलेली हवी, आणि माहेरी आली तर सासर मानवले की नाही हे तिच्या दंडावरून ठरवायचे. तीच मुलगी सहाव्या महिन्यात स्थळाला दाखवायची ठरली की तेच वजन घरावरचे संकट होते. मग आई स्वतःच म्हणते, 'लग्न होईस्तोवर गोळ्या राहू देत.' मला माहीत असलेल्या तीन मुलींच्या गोळ्या अशाच, लग्नाच्या तोंडावर, आईवडिलांच्या संमतीने बंद झाल्या. तिघींचाही आजार वर्षाच्या आत उलटला. त्यांतल्या दोघी आज माहेरी आहेत. परित्यक्तांच्या प्रश्नावर खानापूर-वाळवा भागात ऐंशीच्या दशकापासून स्त्रियांनी मोठे काम उभे केले. 'वेडी म्हणून टाकलेली' ही त्या यादीतली एक जुनी ओळ. पण ती वेडी कशी ठरली, तिच्या गोळ्या कोणी आणि का बंद केल्या, हे आपण त्या ओळीच्या पुढे फारसे लिहिले नाही.

आता जेवण. दवाखान्यातून बाईला आहाराचा छापील कागद मिळतो. मी असा एक कागद पाहिला. त्यात सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, संध्याकाळी सूप असे लिहिले होते. बाई माण तालुक्यातली होती. घरात रेशनचा गहू-तांदूळ, ज्वारी विकतची, भाजी आठवडी बाजाराला आणलेली तीन दिवस पुरवायची. सॅलड म्हणजे काय ते तिने मला विचारले. मी म्हटले, कांदा-काकडी. ती म्हणाली, "मग तसं लिवायचं की!"

आपल्या भागातले साधे जेवण मुळात वाईट नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, मेथीची भाजी, ताक, हे सगळे चांगलेच. गडबड होते ती जेवणाच्या रीतीत. बाई सगळ्यांच्या शेवटी बसते. तोवर उसळीतली मटकी संपलेली असते आणि उरतो तो कट, भात आणि कालची भाकरी. डाळी-कडधान्ये कमी पोटात गेली की तासाभरात पुन्हा भूक लागते. त्यात औषधाची भूक. मग उरलेले वाया नको म्हणून खाणे आणि पोरांच्या ताटातले संपवणे. वर चहा. आपल्या भागात चहात साखर हात सैल सोडून घालतात. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे धरले तर रोज सुमारे चाळीस ग्रॅम, म्हणजे महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर एकट्या चहातून पोटात जाते. या औषधांनी तोंड कोरडे पडते, म्हणून चहा आणखी वाढतो. काही जणी गार गोड पेयाच्या बाटल्यांकडे वळतात. तोंड कोरडे पडले तर पाणी, बिनसाखरेचे लिंबूपाणी किंवा ताक घ्यायचे, हे एवढे एक वाक्य सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

रात्रीची गोळी घेतल्यावर तास-दीड तासाने भूक उसळते, असे बहुतेक जणी सांगतात. त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. डब्यात खारी-बटर असेल तर तेच खाल्ले जाणार. मूठभर फुटाणे, काकडी, ताक आधीच काढून ठेवले तर रात्र निभते. यावर मोठा खर्च नाही, पण तिच्यासाठी वेगळे काही काढून ठेवायचे, ही कल्पनाच आपल्या घरांना नवी असते. पुरुषाला मधुमेह झाला की घराचा सगळा स्वयंपाक बदलतो, त्याच्यासाठी वेगळी भाजी होते. बाईच्या आजारात ती बाईच वेगळी होते.

उपवासाचेही बोलायला हवे. वजन कमी करायचे म्हणून काही जणी सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे सगळे धरतात. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचे लाडू. यातून वजन उतरत नाही, उलट वाढते. निरंकार उपवासाला गोळीही पाण्याबरोबर घ्यायची नाही असे काही जणी मानतात, आणि श्रावणात, नवरात्रात गोळ्या चुकतात. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्या मैत्रिणींनी गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहरीला कशा लावायच्या हे महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. धर्म सोडायला कोणी सांगत नाही, वेळ विचारा एवढेच. आणि जिला लिथियम चालू आहे तिने मीठ किंवा पाणी एकदम तोडू नये, रक्तातले लिथियम धोकादायक पातळीवर चढते. क्लोझापिन घेणाऱ्यांना सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते हे डॉक्टर सांगतात, पण त्या औषधाने होणारे बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकते हे सांगितले जातेच असे नाही. बाई लाजेने बोलत नाही. चार दिवस शौचाला झाले नसेल तर ती लाजण्याची गोष्ट नव्हे, दवाखान्यात जाण्याची आहे.

झोपेचा प्रश्न मला जेवणापेक्षाही अवघड वाटतो.

गुंगीची गोळी रात्री घ्यायची असते. रात्री म्हणजे किती वाजता? डॉक्टरांच्या मनात साडेआठ-नऊ असतात. बाईची रात्र भांडी घासून, विरजण लावून, शेगडी पुसून, साडेदहा-अकराला सुरू होते. अकराला घेतलेली गोळी पहाटे पाचला डोक्यात भिनलेलीच असते. पाचला नळाला पाणी येते, किंवा म्हशीची धार काढायची असते, किंवा डबे करायचे असतात. मग ती धडपडत उठते, चुलीपाशी डुलते, कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरते. हे धोक्याचे आहे. पण घरात त्याला धोका म्हणत नाहीत, आळस म्हणतात. 'आजार बरा झाला, आता नुसती झोपा काढतीया.' हा टोमणा टाळण्यासाठी गोळी सोडणाऱ्या बाया मला जितक्या भेटल्या, तितक्या आजार न पटणाऱ्या भेटल्या नाहीत.

यावर उपाय काय? गोळीची वेळ अलीकडे आणणे, सकाळची मात्रा रात्रीत घेता येईल का हे विचारणे, कमी गुंगीचे औषध चालेल का हे विचारणे, हे डॉक्टरांच्या हातातले. पण साडेआठला गोळी घ्यायची तर नऊला बाईचे काम संपले पाहिजे. पाणी दुसऱ्या कोणी भरले पाहिजे. वाळवा तालुक्यातल्या एका घरी याच मुद्द्यावर आमची तीन वेळा बैठक झाली. शेवटी दिराने पहाटेचे पाणी भरायचे कबूल केले. आजवर ते त्याने कधी केले नव्हते. आळीतली माणसे हसली, त्याने आठ दिवस पहाटेच्या अंधारातच पाणी भरले, मग लाज मोडली. त्या बाईची गोळी दीड वर्ष चुकलेली नाही. याचे श्रेय औषधाला किती आणि हंड्याला किती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

झोप उडणे हीसुद्धा खूण असते. दोन-तीन रात्री सलग झोप लागली नाही तर आजार परत डोके वर काढतो आहे असे समजून लवकर दाखवावे. आणि 'पाय थांबत नाहीत, एका जागी बसवत नाही' अशी तगमग असेल तर तो कित्येकदा आजार नसतो, औषधाचाच परिणाम असतो. तो न ओळखता औषध वाढवले तर तगमग वाढते. वजन वाढल्यावर मोठ्याने घोरणे आणि दिवसभर पेंगणे सुरू झाले तर झोपेत श्वास अडकतो का तेही तपासायला हवे.

पाळीबद्दल दवाखान्यात कोणी बोलत नाही. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल अशा औषधांनी शरीरातले प्रोलॅक्टिन वाढते. पाळी लांबते किंवा बंद होते, कधी छातीतून दूध येते. पोटही सुटलेले असते. मग घरात काय काय शंका घेतल्या जातात ते वाचकांना सांगायची गरज नाही. एका अविवाहित मुलीला याच कारणासाठी मार बसला. औषधाच्या चिठ्ठीबरोबर दोन वाक्ये सांगितली असती तर तो मार टळला असता. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. औषध बदलले की पाळी परत सुरू होते आणि दिवस जाऊ शकतात. नको असतील तर त्याची सोय आधी करावी लागते.

ही माहिती मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ प्रमाणे आजाराचे स्वरूप, प्रस्तावित उपचार आणि त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, तोही तिला समजेल अशा भाषेत. कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक यादीतली औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत. प्रत्यक्षात जतहून एस.टी.ने आलेल्या बाईला बाह्यरुग्ण विभागात दोन-तीन मिनिटे मिळतात. डॉक्टर नवऱ्याकडे बघून विचारतात, 'झोपते ना? त्रास देत नाही ना?' दोन्हीला 'नाही, आता शांत असते' असे उत्तर आले की तेच औषध पुढच्या महिन्यासाठी लिहिले जाते. घराला शांतता मिळाली, एवढ्यावर तिचा उपचार यशस्वी ठरतो. डॉक्टर कमी आहेत, रांग मोठी आहे, हे मला दिसते. पण वजनकाटा तर त्याच इमारतीत बाळांसाठी आणि गरोदर बायांसाठी असतोच.

आपल्या चळवळीने हा हक्क दुसऱ्या औषधांबाबत केव्हाच मागितला होता. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध १९८६ साली स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. बायांना पूर्ण माहिती न देता त्यांच्या शरीरावर प्रयोग करू नका, हे त्यातले मुख्य म्हणणे. पाळीतली गडबड आणि वजनवाढ यांवर तेव्हा आपण तावातावाने बोललो होतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या संस्थेतल्या, त्या वेळी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशये काढली गेली, तेव्हाही स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. मग मनोविकाराच्या गोळ्यांपाशी आपला आवाज का खाली येतो? मला वाटते, आपल्यालाही मनातून थोडी भीती असते. दुष्परिणाम बोललो तर ती गोळी सोडेल, आणि सोडली तर जबाबदारी आपल्यावर येईल. पण दुष्परिणाम तिला आपल्या आधी कळलेला असतो, तिच्याच तर अंगात असतो.

आपल्यातल्या काही मैत्रिणी याच्या उलट टोकाला जातात. त्यांचे म्हणणे, बाईच्या दुःखाला, मारहाणीला, अन्यायाला आजाराचे नाव देऊन गोळी द्यायची, हेच मुळात नियंत्रण आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. कौटुंबिक हिंसेची केस 'डोक्यावर परिणाम' म्हणून दाबलेली मीही पाहिली आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली वगळले गेले, मानसिक आजार मात्र राहिला. स्किझोफ्रेनिया हे नुसते नाव पुरत नाही, आजार कोणत्या प्रतीचा आणि किती तीव्र ते पाहावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सांगितले. तरीही गोळ्यांची पाकिटे जपून ठेवणारी सासरे आहेतच. पण ज्या बाईला रात्रंदिवस शिव्या देणारे आवाज ऐकू येतात, जी विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहते, तिला गोळीने आवाज थांबतात हा अनुभव असतो. तिला 'गोळी म्हणजे गुलामी' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि गोळी एकदम तोडली तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. बदल करायचा तो डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. कमी वजन वाढवणारी औषधे आहेत, मात्रा कमी करून पाहता येते, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही जुनी स्वस्त गोळी वजन आवरायला जोडीने देता येते, असे आता बरेच डॉक्टर मानतात. पण हे सगळे त्या बाईने 'मला त्रास होतो' म्हटल्यावर सुरू होते. तिला ते एकटीने म्हणता येत नसेल तर तिच्याबरोबर बाकावर बसणारी कोणी तरी हवी.

गटांनी काय करावे असे मला प्रत्येक शिबिरात विचारतात. मी मोठे काही सांगत नाही. औषध सुरू होण्याआधी वजन आणि कंबरेचे माप घ्यावे. मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात आणि पुढे दर तीन महिन्यांनी घ्यावे. आपल्याकडच्या बायांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावे. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबी आधी, तीन महिन्यांनी आणि नंतर किमान वर्षातून एकदा तपासावी. गावात आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर-रक्तदाबासाठी नोंद करतात. पण हा आजार पुष्कळदा विशीत सुरू होतो, त्यामुळे नेमक्या ज्या मुलींना गरज त्या त्या नोंदीतून निसटतात. आशाताईंशी बोलून त्यांची नावे वयाची अट बाजूला ठेवून घेता येतात, कोरेगावच्या बाजूला दोन गावांत असे झाले आहे. नाव आजाराचे घालू नये, नुसते 'तपासणी' म्हणावे. गावात गुपित राहत नाही हे खरे, पण आपण होऊन दवंडी कशाला पिटायची?

पुराचेही नियोजन हवे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले तेव्हा छावण्यांत ताप-जुलाबाच्या गोळ्या होत्या, या गोळ्या कोणी मागितल्याच नाहीत. मागायच्या म्हणजे चारचौघांत सांगावे लागते. नदीकाठच्या गावांतल्या गटांनी जूनमध्येच अशा बायांकडे महिन्याच्या गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला सांगावे. रात्री-अपरात्री काही विचारायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येते.

आमच्या एका बचत गटाने हप्त्याच्या बैठकीत वजनकाटा ठेवायला सुरुवात केली, आणि सगळ्याच जणी त्यावर चढतात, गोळ्या घेणारी आणि न घेणारी. कोणाचे वजन कशाने वाढले हे कोणी विचारत नाही. गेल्या बैठकीत अध्यक्षबाईंचेच सगळ्यांत जास्त भरले, त्यावर बराच वेळ हसणे झाले, आणि मग चहा बिनसाखरेचा करायचा की नाही यावर वाद. तो अजून मिटलेला नाही.